मास्तरांनी उघडून दिलेलं दार

किल्लीमास्तरांना आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते त्यांच्या बायकोखेरीज कुणाला आठवत नव्हतं, आणि बायकोही ते फक्त भांडताना घ्यायची. बाकी अख्खा बाजार त्यांना मास्तरच म्हणायचा. उभ्या जन्मात त्यांनी शाळेत शिकवलं नव्हतं, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला त्यांच्या हातात खडू दिसावा. किल्ली करून घ्यायला आलेल्याला किल्ली मिळायची आणि वर व्याख्यान फुकट. कुलूप कसं निवडावं, जादा किल्ली कुणाकडे ठेवू नये, शेजाऱ्यावर किती भरवसा टाकावा, सगळं सगळं. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं तरी यांची कानस आणि जीभ दोन्ही चालूच.

गाळा एवढासा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, टेबलाला जखडलेला शिकंजा, पायाखाली पितळेचा भुसा. आणि आत येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसावं अशा बेतानं समोर टांगलेला, काचेच्या चौकटीतला परवाना. तो मास्तर रोज सकाळी पुसायचे. स्वतःचा चष्मा पुसायचे नाहीत, पण परवाना पुसायचे.

मास्तरांची एक खास पद्धत होती. कुणी धावत आलं, ‘मास्तर, किल्ली आतच राहिली, चला लवकर,’ की पिशवी उचलून ते निघायचे. दारापाशी पोचल्यावर मात्र कुलपाला हात न लावता कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि विचारायचे, ‘दार उघडलं की पहिल्यांदा काय काय दिसेल, सांगा बघू.’ माणूस गडबडायचा, मग आठवून आठवून सांगायचा. चपलांचा रॅक, सासऱ्यांचा फोटो, मुलाची सायकल. मास्तर ऐकून घ्यायचे, दार उघडायचे, आधी स्वतः डोकावायचे. जुळलं तर बाजूला व्हायचे. नाही जुळलं तर दार ओढून घेऊन सरळ चालू लागायचे. ‘कागद काय, पैसे टाकले की छापून मिळतो,’ ते म्हणायचे, ‘पण दाराआड काय टांगलंय ते राहणाऱ्यालाच ठाऊक.’ या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती.

मध्यंतरी गावात घरफोड्या वाढल्या. कुठल्याशा किल्लीवाल्यानं चोरांना दार उघडून दिल्याचं उघडकीला आलं, आणि नगरपालिकेनं नियम काढला. घर ज्याच्या नावावर असेल किंवा जो तिथं राहत असेल, त्याचा पत्त्याचा कागद बघितल्याशिवाय कुणीही दार उघडून द्यायचं नाही. दिलंच तर परवाना रद्द. घरमालकानं मनाई केलेल्या माणसाला जाणूनबुजून आत सोडलं, तर उघडणाराही घुसणाऱ्याइतकाच गुन्हेगार. नियम जाहीर झाला त्या सभेत भाषण कुणी ठोकलं? आमच्या मास्तरांनी! किल्लीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष ना ते. ‘दार उघडणारा हात हा पहिला जबाबदार,’ असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि टाळ्या घेतल्या. घरी येऊन बायकोलाही तेवढाच भाग पुन्हा म्हणून दाखवला. ती म्हणाली, “मूठ लागली नाही ना?”

आणि दुसऱ्या दिवसापासून परत तेच, ‘दार उघडलं की काय दिसेल, सांगा बघू.’ कागद बघायचे ते उगाच, दाखवला तर.

एके दिवशी सकाळी गाळ्यात एक बाई आली. तिशी ओलांडलेली, कपड्यांवर दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटलेले. शिवणकाम करणारी हे बघताच कळत होतं, म्हणून आपण तिला शिवणवालीच म्हणू. ती काउंटरला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “काका, एक दार उघडून हवंय. पण आधी सांगते, ते घर माझं नाही.”

मास्तरांची कानस जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. जो तो घर आपलंच आहे असं सांगत येतो, आणि चोर तर सगळ्यात ठासून सांगतो.

“घर माझ्या सासूबाईंचं आहे,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं परगावी दुसरा संसार मांडलाय. सासूबाईंना वाटतं, मी घरात आहे म्हणून तो येत नाही. मी गेले तर येईल. तर काढलं मला. मुलीला घेऊन मी मैत्रिणीकडे राहतेय. वकिलाची नोटीसही धाडलीय त्यांनी, या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून.”

“मग जायचंय कशाला तिथं?”

“माझं मशीन आहे आत. शिवणाचं. लग्नाआधी स्वतः कमावून घेतलेलं. मोठ्या दवाखान्याच्या कपडेखात्यात मला काम मिळतंय काका, पेशंटचे गाऊन, चादरी शिवायचं. पहिले दोन महिने घरी, आपल्या मशीनवर शिवून द्यायचं. पसंत पडलं तर पक्की नोकरी. आणि मशीन त्या देत नाहीत. दोनदा दारात जाऊन मागितलं. पोलिसांत गेले तर ते म्हणाले, वस्तू कुणाची हे कोर्ट ठरवेल. कोर्ट ठरवेपर्यंत माझी मुलगी काय खाईल?”

मास्तरांनी एकदा परवान्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“सासूबाई आहेत कुठं?”

“बहिणीकडे गेल्यात, संध्याकाळी येतील. काका, तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी. कुणी विचारलंच तर माझ्या अंगावर घेईन.”

आता इथं मास्तरांनी ‘नाही जमणार’ म्हटलं असतं तर त्यांना कुणी बोल लावला नसता. नियम होता. भाषण होतं. पण मास्तरांना एक मोठी खोड, आपल्याला माणूस ओळखता येतो या गोष्टीचा भारी तोरा. ही बाई खरी आहे हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, आणि कळलं ते खरंही होतं. “चल,” ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी उचलली.

घर तिसऱ्या मजल्यावर. दारापाशी मास्तरांनी सवयीनं कमरेवर हात ठेवले. “हं, काय दिसेल, सांग बघू.”

“दार पुरतं उघडणार नाही,” ती म्हणाली. “मागे छत्र्या टांगल्यात, त्या आड येतात. समोर लांब आरसा. त्याचा खालचा कोपरा तडकलाय, त्यावर फुलाचं स्टिकर चिकटवलंय मी. आरशाशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा, मुलीची उंची मोजलेल्या.”

मास्तरांनी तार घातली, दोनदा कान लावून ऐकलं, कुलूप उघडलं. दार छत्र्यांना अडलं. समोर आरसा, कोपऱ्यात फूल. रेघा मात्र नव्हत्या. तेवढ्या पट्ट्याला नवा रंग फासलेला होता, आजूबाजूच्या भिंतीहून पांढरा. शिवणवाली क्षणभर त्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग पलंगाखालून तिनं मशीन ओढलं, बाजूची तेलाची बाटली घेतली, विस्कटलेली चादर परत नीट केली. बाकी कशाला हात लावला नाही. मशीन जड होतं. “आण इकडे,” म्हणून मास्तरांनीच ते जिन्यानं खाली नेलं आणि रिक्षात ठेवलं. मजुरी घेतली नाही. समोरच्या घराच्या दाराची फट उघडून बंद झाली, ती त्यांनी पाहिली, पण चांगलं काम करणाऱ्या माणसाचं अशा फटींकडे लक्ष नसतं. त्या दिवशी मास्तर छाती काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात शिपाई आला. “मास्तर, ठाण्यावर बोलावलंय.” बाजूचा चपलेवाला, समोरचा घड्याळवाला, सगळे माना काढून बघायला लागले. मास्तर गाळ्याचं शटर न ओढताच निघाले, शेवटी शिपायानंच ते ओढलं.

फौजदार वयानं लहान होता, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला, म्हणून मास्तरांना जास्तच भीती वाटली.

“मास्तर, प्रकरण साधं आहे,” तो म्हणाला. “त्या आजीबाईंची तक्रार आली. घरात घुसून मशीन नेलं. शेजारणीनं तुम्हाला पाहिलंय. आता मला एकच सांगा. ती बाई तुम्हाला काय म्हणाली? घर तिचं आहे, किल्ली हरवली, असं म्हणाली असेल तर तुमची फसवणूक झाली. कागद न बघितल्याबद्दल नुसती समज देऊन सोडतो. पण घर दुसऱ्याचं आहे, तिला मनाई आहे, हे ठाऊक असून उघडलं असेल, तर परवाना गेलाच, वर तिच्याशेजारी आरोपी म्हणून बसाल.”

“आणि... तिचं काय होईल?”

“तेही तुमच्यावरच आहे. उघड उघड सगळं सांगून, दिवसाढवळ्या आपली वस्तू न्यायला गेली असेल तर मी म्हणेन घरगुती भांडण आहे, मिटवा. खोटं बोलून कुलूप काढून घेतलं असेल तर मात्र फसवणूक आणि घरफोडी. मग खटला होईल, पोलिसांत नाव चढेल.”

इतकं सोपं करून सांगितलं त्यानं. दवाखान्याच्या पक्क्या नोकरीला पोलिसांचा दाखला लागतो, हे मास्तरांना काय ठाऊक नव्हतं? त्यांच्या मेव्हण्याला लागला होता, तेव्हा हेच गेले होते त्याच्याबरोबर. नाव चढलं की बाईची नोकरी गेली, एवढं त्यांना लखलखीत कळत होतं. पण डोळ्यांपुढे आला तो खिळ्यावरचा परवाना, आणि तो उतरवल्यावर मागे उरणारी रिकामी भिंत, आणि ती बघायला जमलेला बाजार.

“किल्ली हरवली म्हणाली,” मास्तर म्हणाले.

“घर तिचं म्हणाली?”

“हो. माझंच घर म्हणाली. रडत होती हो. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, काका, मुलगी शाळेतून येईल, दार उघडून द्या.”

बघा माणूस! पदराबद्दल कुणी विचारलं होतं? मुलगी, शाळा, डोळ्यांतलं पाणी, सगळं पदरचं घातलं. आणि ते बोलताना आवाज असा लागला होता की क्षणभर त्यांचं त्यांनाही खरं वाटलं.

फौजदारानं लिहून घेतलं, सही घेतली. मग कपाटाच्या पलीकडे मान वळवून म्हणाला, “काय बाई, ऐकलं ना? असंच झालं का?”

मास्तरांनी वळून पाहिलं. कपाटाआड बाकावर शिवणवाली बसली होती, मांडीवर हात ठेवून. सगळं ऐकत होती. तिनं मास्तरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेही लगेच ओसरलं.

“हो,” ती म्हणाली. “असंच झालं. त्यांचा काही दोष नाही.”

मास्तर ठाण्याच्या पायऱ्या कसे उतरले ते त्यांना कळलं नाही. चहा तसाच राहिला होता.

घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायको दारातच उभी. “फसवलं म्हणे तुम्हाला कुणा बयेनं! मेली कुठली! साध्या माणसाला गाठलं बरोबर!” आणि मग डोळे भरून, “माझा तर जीवच थाऱ्यावर नव्हता हो.” तिनं गरम जेवण वाढलं. मास्तर दोन घास चिवडून उठले. ती शिव्या देत होती त्या बाईला, आणि प्रत्येक शिवी मास्तरांना आपल्या पाठीत बसल्यासारखी वाटत होती. “पुरे कर,” ते एकदम खेकसले. बायको म्हणाली, “अगं बाई, आता माझ्यावर कशाला?”

बाजारात तर निराळीच तऱ्हा. ज्याला त्याला मास्तरांची दया. घड्याळवाला म्हणाला, “मास्तर, तुमचं मन फार मऊ.” संघटनेच्या बैठकीत कुणीतरी उभं राहून म्हणालं की मास्तरांसारख्या अनुभवी माणसालाही बाया अशा फसवतात, तेव्हा सगळ्यांनी सावध राहावं, आणि मास्तरांनी न लपवता पोलिसांना खरं सांगितलं याबद्दल त्यांचं अभिनंदन. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबेपर्यंत कुठं बघावं तेच मास्तरांना कळेना, म्हणून ते बुटाची नाडी बांधत बसले. नाडी आधीच बांधलेली होती.

परवाना पुसायचं त्यांनी बंद केलं. गिऱ्हाईकांशी बोलणंही आटलं. किल्ली कापायची, हातावर ठेवायची, संपलं. एकदा एकाचं दार उघडायला गेले, कमरेवर हात गेले, आणि ते त्यांनी लगेच खाली घेतले. “कागद दाखवा,” ते पुटपुटले. लाज वाटत होती. काम करताना वाटत होती, जेवताना वाटत होती. आरशासमोर दाढी करताना तर इतकी की ते भराभर आटपायचे आणि रोज कुठेतरी कापून घ्यायचे.

कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकेपर्यंत तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

“म्हणजे ती खरं बोलली, आणि तुम्ही...” ती एवढंच म्हणाली. मग तिनं चादरीची घडी पुरी केली.

“मी तिला किती शिव्या दिल्या हो,” ती म्हणाली. “आणि तुम्ही ऐकून घेत होतात.”

“परवाना जाईल. गाळा बंद पडेल.”

“पडू दे. भाजी विकू. जा नि सांगून या त्या फौजदाराला.”

गेले मास्तर. फौजदारानं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “मास्तर, आता का काड्या घालताय? तुम्ही म्हणता ती खोटं बोलली, तीही म्हणते मी खोटं बोलले. दोन्ही जबाब जुळतात. कागद वर गेलेत. दया येते तुम्हाला, समजतो मी. बदलायचंच असेल तर कोर्टात न्यायाधीश बाईसाहेबांपुढे सांगा.”

मास्तर बाहेर पडले ते, खरं सांगायचं तर, हलके होऊन. आज नाही, कोर्टात. तेवढीच सुटका. आणि त्या सुटकेचीही नंतर त्यांना लाज वाटली.

कोर्टाची खोली त्यांच्या कल्पनेपेक्षा लहान निघाली. पंखा करकरत होता. एका बाकावर सासूबाई, सत्तरीच्या, ताठ, पर्स मांडीवर. दुसऱ्या बाकावर शिवणवाली, एकटीच. मागे संघटनेचे दोघं मास्तरांना धीर द्यायला म्हणून मुद्दाम आलेले. न्यायाधीश बाईंनी तिला विचारलं, आरोप मान्य आहे का. ती म्हणाली, आहे. मग मास्तरांना पुढे बोलावलं. त्यांचा जबाब मोठ्यानं वाचला, पदर आणि मुलगी आणि शाळा यांच्यासकट. इतक्या शांत खोलीत ते सगळं ऐकताना मास्तरांच्या कानशिलांना चटके बसले.

“यात काही बदल करायचा आहे का तुम्हाला?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

आता सांगा, यापेक्षा सोपं कुणी कुणाला करून देईल? ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. बाईंनी चष्म्यावरून बघत वाटही पाहिली. मास्तरांनी शिवणवालीकडे पाहिलं, ती फरशीकडे बघत होती. मागून संघटनेतला कुणीतरी घसा खाकरला.

“नाही, बाईसाहेब,” मास्तर म्हणाले.

पहिलाच गुन्हा, स्वतःहून कबुली, म्हणून कैद नाही. दंड झाला, नाव चढलं, आणि मशीन घरातून नेलं होतं तर घरातच परत द्यावं, असा निकाल झाला. पंख्याखाली सगळं पाच मिनिटांत उरकलं.

बाहेर व्हरांड्यात मास्तर तिच्यामागे धावले. “ताई, ऐक ना. नोकरीचं... दवाखान्याचं काय झालं?”

“त्यांना दाखला हवा होता,” ती म्हणाली. “जाऊ द्या काका. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो पाळला.” आणि ती बसच्या दिशेनं निघून गेली. मुलीच्या शाळेची वेळ झाली होती खरोखरच.

मास्तर तिथंच उभे होते तेव्हा मागून हाक आली. “मास्तर, उद्या या सकाळी. दाराला चांगलं कुलूप बसवून हवंय. भक्कम.” सासूबाई होत्या. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं होतं, आणि ते कारण मघाशी कोर्टात सांगायचं राहिलं होतं. “येतो,” मास्तर म्हणाले.

घरी बायकोनं दारातच विचारलं, “बोललात?” मास्तर म्हणाले, “संधीच मिळाली नाही गं.” तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि आत जाऊन पाण्याचा नळ सोडला. त्या दिवशी तिनं त्यांना नावानंही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा तो जिना चढले. दार छत्र्यांना अडलं. समोर आरसा, पण कोपऱ्यातलं फूल खरवडून काढलं होतं, काचेला डिंकाचा डाग तेवढा राहिला होता. मशीन खिडकीपाशी ठेवलेलं, वर टेबलक्लॉथ, त्यावर औषधाच्या बाटल्या. मास्तरांनी जुनं कुलूप काढलं, लाकडात नवी खोबण कोरली. हात आपलं काम बिनचूक करत होते, आणि त्यांना आपल्या हातांचाही राग येत होता. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या.

काम झालं. सासूबाईंनी पर्स उघडली.

“नको, पैसे नकोत,” मास्तर म्हणाले.

“का हो?” आणि समोरच्या दाराची फट उघडली होतीच, तिकडे वळून त्या म्हणाल्या, “बघा, पैसेसुद्धा घेत नाहीत. अशी माणसं राहिलीत कुठं आता!” शेजारीण कौतुकानं हसली आणि आत गेली.

मास्तरांना ते सहन झालं नाही. बांध फुटला म्हणतात तसं झालं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हात जोडले. “मावशी, ऐका माझं. तुमची सून माझ्याशी खोटं बोलली नव्हती. घर तुमचं आहे, तिला मनाई आहे, नोटीस आलीय, सगळं तिनं मला आधीच सांगितलं होतं. मी जाणूनबुजून उघडलं. किल्ली हरवली म्हणाली, रडली, ते सगळं मी रचलं. परवान्यासाठी. खोटं मी बोललो, मावशी.”

त्यांना वाटलं, आता ही म्हातारी उठेल, ओरडेल, शेजारपाजार गोळा करेल, शिव्या घालेल. घालाव्यात असंच त्यांना वाटत होतं. पण सासूबाईंनी पर्सची चेन शांतपणे ओढून घेतली.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अहो, ती माझ्या घरात किती वर्षं राहिली. कप फुटला तरी स्वतः येऊन सांगायची, माझ्याकडून फुटला म्हणून. तिला खोटं बोलता येत असतं तर माझा मुलगा कुठं गेलाय ते चार लोकांत तिनं लपवलं असतं, माझी अब्रू राखली असती. नाही जमायचं तिला. काल तुमचा जबाब वाचला ना, तेव्हाच कळलं मला कोण खोटं बोललंय ते.”

मास्तरांनी दाराला पाठ टेकली. “मग... मग मला कशाला बोलावलंत? गावात काय दुसरा किल्लीवाला नाही?”

“आहेत की. पण ती उद्या पुन्हा मशीन मागायला येणार, आणि कुणालाही जाऊन खरं तेच सांगणार. असलं भक्कम कुलूप बसवणाऱ्यालाच उघडता येतं; दुसऱ्या एखाद्यानं बसवलं तर तो विरघळेल, दार उघडून देईल.” सासूबाईंनी हात पुढे केला. “तुम्ही आता नाही उघडणार. आणा त्या किल्ल्या.”

मास्तरांनी किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या, एकूण एक, आणि पिशवी उचलून जिना उतरले.